तुटलेला धागा

माझं काम खुर्चीवर बसायचं.
दहा ते सहा, सोमवारी सुटी.
कुणी स्पीकरला हात लावू नये,
एवढंच बघायचं.

हे दालन पूर्वी विणकामाचं होतं.
आता इथे नुसता आवाज मांडलाय,
तिमॉन नावाच्या पोरानं वूचभर हिंडून टिपलेला:
रेडिएटरचे ढेकर, वळणावर ट्रामची करवत,
आणि गटाराच्या झाकणातून दोरीनं माइक सोडून
रस्त्याखाली गाडलेली नदी.
वूच म्हणजे होडी. शहराचं नाव होडी,
आणि नदी पाहिलेला माणूस
मला अजून भेटायचाय.
शेवटी चार मिनिटं जुने माग,
कुठल्याशा संग्रहालयात मुद्दाम चालू करून घेतलेले.
मग पुन्हा पहिल्यापासून.
दिवसातून बावीस वेळा.

पहिल्या आठवड्यात कान किटले.
दुसऱ्या आठवड्यात मी कापूस आणला.
कापूस, आणि तोही या इमारतीत!

मार्चमध्ये एक म्हातारी आली. बोगुमिवा.
हेडफोन पुढे केले तर नको म्हणाली,
"एकतीस वर्षं इथेच होते.
कान तेव्हाच देऊन टाकले गिरणीला."
आणि मी उठायच्या आत
तळवा ठेवला स्पीकरच्या जाळीवर.

नियम म्हणून मी काहीतरी पुटपुटलो.
तिनं माझे ओठ वाचले.
मागांच्या गदारोळात त्या सगळ्या अशाच बोलायच्या म्हणे,
सोयरिकी, भांडणं, पावाचे भाव,
सगळं ओठांवरून.
वाचले, आणि हात तिथेच ठेवला.

नदी तिला आवडली.
रेडिएटरला ती चक्क हसली.
माग सुरू झाले तशी मात्र कपाळाला आठी.
"यात खोट आहे."
मी म्हटलं, आजी, ही कलाकृती आहे.
"असेल. पण धागा तुटलाय,
आणि कुणी धावत नाहीये."

मी कान दिला. काही कळेना.
"तुटल्याचा आवाज नसतो रे.
बाकीचे सगळे जरासे
एकटे पडतात."

जाताना कोटाच्या बाहीनं तिनं जाळी पुसली.
तक्रारवहीत मी काही लिहिलं नाही.

आता कापूस खिशातच असतो.
घरी फ्रिज मध्येच गप्प होतो
तेव्हा जेवता जेवता हात थांबतो.
आणि इथे, बावीसपैकी एखाद्या फेरीत,
मागांच्या तिसऱ्या मिनिटाच्या आसपास,
वाटतं, आत्ता.
अर्धा उठतो खुर्चीवरून.

कुठे धावायचं, ते माहीत नसतं.