समासात

मी पाय तपासते.
ओटाराच्या दवाखान्यात, मंगळवार ते शुक्रवार,
नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवते, दहा ठिकाणी,
आणि विचारते, लागलं का?
लोक डोळे मिटून हो म्हणतात.
काहीजण धागा टेकायच्या आधीच म्हणतात.

सातेकी फुसितुआ, वय बावन्न,
विमानतळावर रात्रपाळीत दुसऱ्यांच्या बॅगा चढवणारा.
मोजे काढताना दर वेळी माफी मागतो
पायांच्या वतीने.
पाय चांगले आहेत त्याचे.
डोळ्यांचे फोटो झालेत, मूत्रपिंडं ठीक,
साखर तेवढी उतरत नाही.
चौऱ्याण्णव. तीन महिन्यांनी सत्त्याण्णव.
डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग इन्सुलिन,
मग आवाज.

खाता काय, मी विचारलं.
पांढरा पाव, म्हणाला, चहात बुडवून.
क्रीमची बिस्किटं.
आणि अळूचे कंद? मासळी? काकडी तरी?
तो हसू लागला आणि हात तोंडावर गेला,
दार लोटून घ्यावं तसा.

माझ्या कागदावर चौकोन आहेत.
डोळे, मूत्रपिंड, पाय, रक्तदाब,
सिगारेट ओढता का, मन कसं आहे;
मनालासुद्धा चौकोन आहे.
तोंडाला नाही.
या देशात अठराव्या वाढदिवसापर्यंत
दात सरकारचे.
दुसऱ्या दिवसापासून ज्याचे त्याचे,
आणि तोंड शरीरातून उठून
बाहेर पैशांच्या खिडकीशी उभं राहतं.

आ करा, मी म्हटलं.
माझं काम नव्हतं ते.
पाय बघायचा दिवा वर धरला.
हिरड्या जांभळ्या, फुगलेल्या,
खालचे दोन दात जिभेच्या धक्क्यानं हलणारे,
डावीकडे एक खड्डा.
हा कुणी काढला?
मीच. गॅरेजमध्ये. पक्कड उकळून घेतली होती.
पक्कड उकळली होती, हे त्यानं दोनदा सांगितलं,
मी रागावेन म्हणून.

हिरडी पिकते, म्हणून साखर चढते.
साखर चढते, म्हणून हिरडी पिकते.
चावत नाही, म्हणून पाव.
सहा वर्षं आम्ही पावाला बोल लावत होतो.
चणे घरात होते. दात नव्हते.
विचारलं कुणीच नव्हतं.

फोन केले.
खाजगी दवाखाना: खोल साफसफाई, दोन आठवड्यांचा पगार.
इस्पितळ: दुखत असेल तर या, उपटून देऊ.
दुखत नाही, मी म्हटलं, हलतायत.
मग दुखू दे, असं कुणी म्हणालं नाही,
पण तेवढ्याच लांबीची शांतता होती पलीकडे.

शेवटी चर्चच्या आवारात गुरुवारी उभी राहणारी बस.
दंतवैद्य न्गाइरे; तिचा नवरा बस चालवतो,
नावं लिहून घेतो, आणि कुणी घाबरलं तर
मासेमारीच्या थापा मारतो.
सातेकी रात्रपाळीवरून थेट आला,
सवयीनं बूटमोजे काढून पायऱ्या चढला.
तोंड बघायचंय, न्गाइरे म्हणाली.
हो, तो म्हणाला, पण तसेच राहू दे.
चार गुरुवार, अनवाणी.

आता एक्क्याऐंशी.
चमत्कार नाही. इन्सुलिन आहेच.
हलणाऱ्या दोनांपैकी एक वाचला.
रविवारी त्याच्या बायकोनं कंद उकडले, जरा जास्तच मऊ,
त्यावरून भांडण झालं, असं तो कौतुकानं सांगत होता.

बसला जूनपर्यंतचेच पैसे आहेत.
मी प्रत्येक कागदाच्या समासात
पेनानं एक चौकोन काढते, थोडा वाकडा.
संगणक तो वाचत नाही.
वरून विचारणा झाली, हे काय?
मी म्हटलं, तोंड.

परवा सातेकी आला, खुर्चीत बसला,
आणि नाड्या सोडायच्या आधीच
आ केला.
बाहेर बाकावर अजून अकराजण होते,
तोंडं मिटून.