नंतर या

कार्दला गावच्या नगरपालिकेत, तळघरात,
रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांशेजारी
माझा मेल सर्व्हर राहतो.
बाल्टिकचा वारा त्याला लागत नाही,
पण त्याच्या पंख्याचा आवाज बराचसा तसाच.

अनोळखी यंत्रानं दार वाजवलं
की तो आत घेत नाही, हाकलतही नाही.
म्हणतो, आत्ता नाही, नंतर या.
लबाडांना सवड नसते, ते पुढच्या दाराकडे पळतात.
प्रामाणिक असेल तो पंधरा मिनिटांनी
पुन्हा येतो, टोपी हातात घेऊन.

मग झडती.
बिलाच्या नावाची फाईल, तिच्या पोटात दुसरी,
तिच्या पोटात तिसरी, दात असलेली.
'तातडीचे' या शब्दाला एक गुण,
'प्रिय'ला दीड,
'वारसा' म्हटलं की थेट तीन.
पाचाच्या वर गेलं की गाळात.
हे आकडे मीच बसवलेत, मी, लेलो वाहेर,
त्या फेब्रुवारीत, जेव्हा शाळेच्या हिशेबनिसानं
एक फाईल उघडली
आणि चारशे मुलांचे दाखले
कुणीतरी दुरून कुलूपबंद केले.

त्यानंतर गावभर शिकवत हिंडले.
नाव ओळखीचं नाही? उघडू नका.
पैसे देतो म्हणतोय? पुसून टाका.
माझ्या नावानं आलं तरी
डोळे झाकून खरं मानू नका.
बंदरावरचा एंडेल तम्मिस्ते सगळं वहीत उतरवून घेई,
पेन्सिल जिभेला लावून लावून.

सोमवारी मी गाळ उपसते.
या वेळी तीनशे बारा पत्रं:
विधवा, सेनापती, केस उगवणारी तेलं,
सात वेळा मेलेला तोच एक तेलसम्राट.
आणि एंडेलच्या नावे एक, साडेसात गुणांचं.
टोरांटोची वकीलबाई. प्रिय श्री. तम्मिस्ते.
तातडीचे. आपल्या आत्या हिल्या यांचा वारसा.
बोट कळीवर होतंच माझं.
पण तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं,
'त्या सांगत, चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात
होडीत जागा थोडीच उरली होती,
आणि मी धाकट्या भावाऐवजी
अ‍ॅकॉर्डियन घेतला.
तो आता आपला आहे.'

लबाडाला हे सुचत नाही.
लबाड स्वतःला चांगला दाखवतो.

टोरांटोला फोन लावला. बाई खरी निघाली,
खोकत होती, तिकडे पहाट होती.
पत्र सोडलं. चाळीस सेकंदांत एंडेलनं पुसलं.
पुन्हा सोडलं, वर माझी चिठ्ठी जोडून:
हे खरं आहे, वाच. लेलो.
ते अकरा सेकंदांत.
चोर सोडून संन्याशाला सुळी,
आणि सुळावर चढवायला मीच शिकवलेलं!

कागदावर छापलं, कोटाच्या आत घातलं,
सायकलनं बंदरावर गेले.
तो खिडकीच्या काचेमागे पावत्या लावत होता.
मी कागद काचेला टेकवला.
त्यानं पहिली ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं,
कीव आल्यासारखं,
जणू अखेर मलाही कुणीतरी फसवलं.
म्हणाला, आत्ता नाही, लेलो. नंतर ये.

धक्क्यावर उभी राहिले.
एका होडीच्या ताडपत्रीवरचा बर्फ
तुकड्या-तुकड्यानं पाण्यात घसरत होता.
घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार नाही.
सोळाव्या मिनिटाला पुन्हा वाजवलं.

खिडकी वीतभर उघडली.
कागद आत गेला.
त्यानं आधी स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं,
मग आत्याचं.
मग बराच वेळ बोट कागदावरून फिरत राहिलं,
वडिलांचं नाव शोधत.
ते पत्रात कुठंच नव्हतं.
'भाऊ' एवढंच होतं.

पेन्सिल जिभेला लावून तो म्हणाला,
मी उत्तर पाठवलं
तर तिकडे ते गाळात जाईल का?
जाईल कदाचित, मी म्हटलं.
पुन्हा पाठवू.