बिबडं

रिपोर्टवर लिहिलंय आठ पूर्णांक सहा.
लॅबमधला हितेंद्र म्हणाला, मावशी, तीस तरी हवं,
आणि मग हसू दाबत,
आपल्या रावेरात उन्हाची कमी?

मलाही हसू आलं, पण मनगट प्लास्टरात,
हसलं की ठणकतं.
मोरीच्या उंबऱ्याला पाय अडला होता फक्त.
एवढ्यानं हाड मोडतं?
एवढ्यानं मोडतं, डॉक्टर म्हणाले, खडूसारखं.

उन्हात काय काय घातलं मी जन्मभर.
चैत्रात पहाटे चारला उठून ज्वारीचा घाटा,
ओल्या धोतरावर बिबडे थापत सुटायचं
आणि ऊन धाब्यावर चढायच्या आत
आपण खाली.
कुरडया, मिरच्या, गाद्या, लोणच्याची बरणी,
दोन्ही पोरं, तेल माखून, बाजेवर.
मी तेवढी राहिले.
आई म्हणायची, काळी पडशील.
सासू म्हणायची, पदर.
पुढं कुणी म्हणायची गरजच उरली नाही,
फ्रूटसेलच्या कचेरीत एकतीस वर्षं
केळीच्या वॅगनी लिहिल्या
ट्यूबलाइटखाली.
रिटायर झाले तर कूलर होता, जाड पडदा होता.

या वयात कातडी विसरते म्हणे
उन्हाचं काय करायचं ते.

रविवारी दुधातून एक पुडी.
साठ हजार असं छापलंय तिच्यावर.
साठ हजार काय, ते विचारलं नाही.
माझी ग्रॅच्युइटी नव्हती एवढी.
आणि ऊन, दहा ते अकरा, हातपाय उघडे.
डॉक्टर नवीन आहेत, कोकणातले.
मे महिन्यात दहाला इथे कावळासुद्धा
पंपाच्या हौदात उभा असतो.
घासाघीस करून आठवर आणलं.
दिवाळीनंतर बघू दहाचं.

तर आठ वाजता गच्चीवर खुर्ची,
बाही कोपराच्या वर, पोटऱ्या उघड्या.
पलीकडच्या गच्चीवर निमा अत्तरदे,
डोक्याला टॉवेल, समोर मिरच्या.
बघतच राहिली.
काय व माय, स्वतःलाच वाळत घातलं का?
म्हटलं, हो. बिबडं.
थोड्या वेळानं उलटं कर मला.

ती हसता हसता गुडघ्यावर हात ठेवून उठली,
दोनदा प्रयत्न करून.
मी पाहिलं. बोलले नाही.
उद्या हितेंद्रचा नंबर देईन तिला.

प्लास्टरातला हात अजून अंधारात आहे,
दुसऱ्याला उन्हात धरून म्हणते,
आठवतंय का बघ.

आज रविवार.
खाली दूध तापत ठेवलंय की नाही,
तेही आता आठवेना.