उजवी पाकळी

माशेलच्या देवळात भटजींनी विचारलं,
प्रसाद कुणासाठी लावायचा?
म्हटलं, अन्वितासाठी.
गोत्र?
गोत्र काय सांगणार, लेखकानं कधी सांगितलंच नाही.
म्हटलं, कोल्हापूरला दिलीय,
जिन्यावरून पडली, सतरा दिवस झाले, डोळे उघडत नाही.

सगळं खरंच सांगितलं.
ढकललं कुणी तेवढं गिळलं.
देवीसमोर आत्याबाईचं नाव घ्यायला जीभ रेटेना.

ती पडली तेव्हा मी सुंगटं सोलत होते.
अगो, मागे बघ! म्हणून ओरडले,
वाटी कलंडली, मांजराचं फावलं,
आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.
साखळीला फोन लावला. तिथे होती वीज.
सुलक्षा म्हणाली, थांब, पडतेय...
अजून पडतेय...
आता वरून दाखवतायत...
पुन्हा पडतेय...
आणि जाहिरात.

आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
त्या घरात बारा माणसं,
रात्री नथी घालून निजतात,
तीन वर्षांत एकदा हुमण केलं नाही कुणी.
अशा घरात माणूस बेशुद्ध पडणारच.
साडेसातला मात्र रोज त्यांचा चष्मा हरवतो
आणि तो टीव्हीच्या खोलीतच सापडतो.

कुंपणापलीकडच्या पिएदादला मराठी अर्धी कळते,
रडणं पूर्ण.
तिनं वाटेवरच्या खुरसाकडे मेणबत्ती लावली.
म्हणाली, तिथे नावगाव कोण विचारत नाही.
मला जरा हेवाच वाटला.

पाकळी उजवी पडली.
भटजी म्हणाले, काळजी नको, उठेल.
मी नारळ कबूल केला.

सोमवारी बोट हललं.
मग पट्टी सुटू लागली, फेऱ्यावर फेरे,
दोन जाहिरातींएवढी लांब पट्टी,
आणि आतून भलत्याच बाईनं डोळे उघडले.

कपाळ रुंद. हनुवटीवरचा तीळ नाही. आवाज नाकातला.
बारापैकी एकालाही काही कळलं नाही.
आई म्हणाली, बाळा.
नवऱ्यानं हात हातात घेतला,
तो हात बघून माझ्या पोटात ढवळलं.
आत्याबाईनं तेवढं टक लावून बघितलं तिच्याकडे.
तीन वर्षांत पहिल्यांदा
आमचं दोघींचं एकमत झालं.

पिएदाद म्हणाली, आणि ती पयली? ती खंय गेली?
कुणी म्हणतं सिनेमा मिळाला, कुणी म्हणतं लग्न,
सुलक्षा म्हणते पैशावरून फिसकटलं.
तीन वर्षं मी तिला जेवताना बघितली,
डोहाळे बघितले, मूल गेलं ते बघितलं,
तिच्यासारखी हिरवी चोळी शिवून घेतली दसऱ्याला,
आणि निघताना
दारापर्यंतसुद्धा दाखवली नाही कुणी.

तीन दिवस टीव्ही लावला नाही.
साडेसातला मागच्या दारी जाऊन बसले,
माडाच्या आळ्यात पाणी सोडून.
चार घरांतून तेच संगीत आलं,
चारही घरांत ते जरा पुढेमागे.
ह्यांचा चष्मा तेवढा सापडत होता.

चौथ्या दिवशी, उभ्या उभ्याच, म्हटलं बघू.
ती नवी तुळशीपुढे एकटी रडत होती.
नाक ओढून, पदराला पुसून,
काजळ फिसकटलं तरी तशीच.
पहिली रडताना कधी नाक ओढत नसे.

बसले मग.
घर परकं, बारा माणसं,
सगळे दुसऱ्याच कुणाच्या आठवणी काढून
हिला हसायला लावतात.
आत्याबाई दूध घेऊन आली
तेव्हा तोंडातून निघूनच गेलं,
पिऊ नको गो.

आता नारळ द्यायला जायचंय.
दोन घेऊन ठेवलेत.
एक उठली तिचा.
भटजी विचारतील, दुसरा कुणाच्या नावानं?
गोत्र तर तेव्हाही नव्हतं,
आता नावही दुसरीकडे गेलं.