मिठाची ज्योत

कुताइसी. जानेवारी. वीज जाऊन नववा दिवस.
शाळेत सगळ्याचीच टंचाई होती,
अंधार सोडून.
गुलीको बाई हातमोजे न काढताच म्हणाल्या,
"एरवी काळे पडदे ओढण्यात माझा अर्धा तास जातो.
आज आयता मिळालाय. वाया घालवायचा नाही."

काचेचा तुकडा त्यांनी काजळीवर धरला.
दाढीची दोन पाती, मध्ये
आमच्याच जुन्या चाचणीचे तीन कागद
(एक माझा, दहापैकी चार गुणांचा),
आणि एकच ओढ.
दोन फटी, शेजारी शेजारी, केसाहून बारीक.
"मधलं अंतर शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
हा छोटा डी.
इथून ज्योतीपर्यंत दोन मीटर, तो मोठा डी.
लॅम्डा पुस्तकात आहे, तो बदलत नाही.
सरकारं बदलली तरी."

स्टोव्हवर तार धरली, तारेला मीठ.
मीठ त्यांनी घरून आणलं होतं, आगपेटीत, मोजून.
निळी ज्योत मिठाला जागली,
पिवळीधमक झाली,
आणि मुर्मानीची लाल टोपी करडी पडली,
एतेरीचे ओठ करडे,
भिंतीवरचा नकाशा, त्यातले सगळे देश करडे.

मासळीच्या डब्याच्या पत्र्याला एक चीर,
चिरेमागे ती ज्योत.
मी काच डोळ्याला लावली.
एक उभी पिवळी रेघ दिसेल असं वाटलं होतं.
दिसलं भलतंच:
पिवळं, काळं, पिवळं, काळं,
कुणी उजेडातून कंगवा फिरवावा तसं.

"पण बाई, दोन्ही फटींतून उजेडच येतोय ना?"
"उजेडच."
"मग काळं कुठून आलं?"
"एकाला वाट जरा लांबची पडते.
अर्ध्या तरंगानं मागे राहिला
की याचा चढ त्याच्या उतारावर बसतो. झालं."
"मग तो उजेड मरतो?"
"मरत नाही. शेजारच्या रेघेत जातो.
तिथे दुप्पट नव्हे, चौपट होतो."
कुणी हसलं नाही.
मुर्मानीचे वडील तेव्हा सोची की कुठल्याशा गावी कामाला होते
आणि त्यांचं पत्र आलं नव्हतं.

मोजायचं ठरलं. पट्टीवर मुर्मानी दोन काड्या सरकवी,
मी काचेतून ओरडे: डावीकडे, अजून, अगं आई, थांब.
पहिल्या काळ्या रेघेपासून दहाव्यापर्यंत
साडेसव्वीस मिलिमीटर.
मी भागिले दहा केलं. दोन पूर्णांक पासष्ट.
बाईंनी वहीत आधीच गणित मांडून ठेवलं होतं:
लॅम्डा गुणिले मोठा डी, भागिले छोटा डी,
दोन पूर्णांक चौऱ्याण्णव.

"मक्वाला, सकाळी पावाच्या रांगेत होतीस?"
"होते."
"दहा माणसं उभी असली तर मध्ये जागा किती?"
मी बोटांवर मोजलं. बोटं थंडीनं वळत नव्हती.
"नऊ."
"मग तू माणसं मोजलीस. मी जागा विचारली होती."

साडेसव्वीस भागिले नऊ.
पेन्सिल तुटकी, तरी उत्तर आलं:
दोन पूर्णांक चौऱ्याण्णव.

मी वर पाहिलं, आणि त्याच क्षणी
छतावरचा साठ वॅटचा दिवा लागला.
नऊ दिवसांनी.
रस्त्यावरून आरोळ्या, कुठल्याशा घरात
अर्धवट थांबलेला रेडिओ
वाक्याच्या मधूनच बोलू लागला.
टोपी लाल झाली. नकाशात देश परतले.
मी काच पुन्हा डोळ्याला लावली:
नुसता पांढरा धुरळा, रेघ एक नाही.

एतेरीची पाळी राहिली होती.
ती काही बोलली नाही, काच हातात धरून उभी राहिली.
वर्गातल्या एकोणीस जणांनी तिच्याकडे पाहिलं,
मग दिव्याकडे.

बटणाशी सगळ्यात जवळ मुर्मानी होता.