भिंतीपासून दहा मिलिमीटर

फळ्या सोमवारी बेटावर आल्या, दुपारच्या फेरीनं.
खोलीतच आडव्या रचल्या मी, मध्ये पट्ट्या घालून,
आणि आक्सेलला बजावलं, आठवडाभर हात लावायचा नाही.
"पैसे मोजलेत मी. लाकडाचा पाहुणचार कसला करतेस?"
पाहुणचारच आहे, म्हटलं.
बाहेर फेब्रुवारी, आत हीटर.
इथली हवा त्याला आधी कळू दे,
मग ठोकू.

निवड इंगेबोर्गची होती. पायांनी केलेली.
डोळ्यांना आता फक्त उजेडाच्या कडा दिसतात तिच्या.
दुकानात तिनं मोजे काढून खिशात कोंबले
आणि मांडलेल्या एकेका नमुन्यावर उभी राहत गेली,
थंड पाण्यात उतरावं तशी.
ओकवर: "सासऱ्यांसारखा आहे. बरोबर असतो, पण गार."
चकचकीत बीचवर: "हा गोड बोलतो. घसरवणार."
मग अक्रोडाच्या छापाचं लॅमिनेट,
आक्सेलचं लाडकं, अर्ध्या किमतीचं,
कुत्र्याच्या नखांना भीक न घालणारं.
त्यावर ती बराच वेळ चालली, पुढे, मागे, परत पुढे.
"ही गाठ मघाशी भेटली मला," म्हणाली,
"आणि त्याच्याही आधी."

शेवटी पाइन. रुंद, फिकट, मऊ.
मी माझं काम केलं, म्हणजे भीती घातली:
खुर्चीचे पाय रुततात याच्यात,
पडलेली सुरी हा विसरत नाही,
उन्हानं पिवळा पडतो, साबणानं धुवावा लागतो,
सांभाळून घ्यावं लागतं वर्षानुवर्षं.
"मलाही," ती म्हणाली,
आणि मोजे घालायला लागली.

फळीची जीभ पुढच्या फळीच्या खाचेत.
या जिभेला हाड असतं, म्हणून तर ठोकळा ठेवून ठोकायचं,
थेट हातोडा मारला की तुटते.
आक्सेल गुडघ्यांवर बसून पाचरी पुरवत होता,
दर पाचरीला एक शिवी, बहुतेक गुडघ्यांना.
भिंतीशी आलो तेव्हा थांबला.
"चुकलं तुझं. फट राहिली."
राहिली नाही, ठेवली. दहा मिलिमीटर.
ऑगस्टमध्ये हवा ओली होते, लाकूड फुगतं;
भिंतीला टेकवलं तर मधोमध कुबड काढून उठेल.
दारातून इंगेबोर्ग म्हणाली,
"आम्हाला दहात भागलं नाही. आम्ही वेगळ्या खोल्या घेतल्या."
आक्सेल हसला. त्याच्या खोलीत लॅमिनेटच टाकलं,
त्याचं तेवढं राहिलं.

आधी क्षाराचं पाणी, मग पांढऱ्या साबणाचं,
दोन बादल्या, कोमट, रेषेच्या दिशेनं.
हे मी तिला शिकवायला गेले, आणि
तीच ओणवी होऊन मला दाखवायला लागली
कुठे मी घाई केली होती.

सप्टेंबरात फोन. आक्सेल.
ओतीव तवा पडलाय, खड्डा झालाय, ये.
ओला रुमाल आणि इस्त्री घेऊन गेले,
वाफेनं लाकूड बऱ्याचदा वर येतं.
इंगेबोर्गनं खड्ड्यावर पाय ठेवला. काढेना.
"राहू दे. इथून पलंग दोन पावलं."
मी इस्त्री न लावताच परतले. फेरीचे पैसे आक्सेलनं दिले,
कुरकुरत.

माझ्या घरी व्हिनाइल आहे, भाड्याच्या घरात काय असणार,
ओकचा फोटो, गुंडाळीनं विकतात तसला.
सुताराच्या घरी पाट नाही म्हणतात, तसं.
लाज वाटायची, कुणी ओळखीचं आलं की
चटई सरकवून घ्यायचे त्या गाठीवर.
पण माल्टे, माझा, पाच वर्षांचा,
त्या गाठीला कोल्हा म्हणतो.
टेबलाखाली आहे, फ्रिजपाशी आहे, दाराशी आहे.
छाप परत-परत येतो, मी सांगणार होते.
"बघ," तो म्हणाला, "रात्री चालतो तो."
दिवे मालवून झोपायला जाताना
हल्ली मी शेपट्या चुकवत जाते.
अकरा आहेत. मोजलेत मी.