पाण्यासारखं

म्हापशाच्या बसस्टँडसमोर, आमच्या फार्मसीला खेटून
पायलटांचा अड्डा.
पिवळ्या मडगार्डच्या सात मोटारसायकली.
कायतान त्यांतला सर्वांत जुना,
एकोणतीस वर्षं ऊन समोरून घेतो.
हेल्मेटचा पट्टा बसतो तेवढीच जागा
अजून जन्माच्या रंगाची.

गेल्या उन्हाळ्यात मुलीने कुवेतहून धाडली होती
एक ट्यूब, लोण्यासारखी घट्ट.
लावून आला, तर उल्हास ओरडला,
"फेस्त आलं काय रे?
कपेलाला चुना काढलेला दिसतो!"
दुपारी थिवीच्या वाटेवर
चुना वितळून डोळ्यांत उतरला,
मागे गिऱ्हाईक, पुढे वळण.
ट्यूब डिकीत गेली, ग्रीसच्या डब्याशेजारी.

आज अडीचला, दुकान रिकामं पाहून आत आला.
खोकल्याची गोळी मागावी त्या आवाजात:
"बाये, पाण्यासारखं असतं म्हणतात, ते आहे?"

हल्ली सगळे तेच मागतात.
कॉलेजच्या मुली, मासळी मार्केटातली इस्मेनिया,
खांबावर चढणारा वीजखात्याचा पोरगा.
जड कुणालाच नको.
मी खोक्यावरचं वाचून दाखवते,
वॉटर बेस्ड, जेल, एसपीएफ पन्नास,
आणि पन्नास म्हणजे नेमकं किती ऊन
हे मलाही कुणी विचारू नये असं वाटतं.

त्याच्या मनगटावर मटारएवढं ठेवलं.
आधी ढग,
मग घाम,
मग काहीच नाही.
"गेलं कुठं?"
"आत."
"दिसत नाही."
"नाहीच दिसत."
"मग दे."

चारशे ऐंशी ऐकून थबकला.
थिवीच्या फेऱ्या मोजल्या असाव्यात त्याने मनात.
"कागदात गुंडाळ. पिशवीवर नाव असतं."

त्याला कसं सांगू,
सकाळीच शाबी येऊन गेला,
परवा रोहिदास,
आणि त्याच्या आदल्या दिवशी
तो चुन्यावर बोललेला उल्हास.
प्रत्येकजण दुकान रिकामं पाहून.
प्रत्येकाला कागदात गुंडाळून.

साडेतीनला काचेतून पाहिलं.
सातही जण रांगेत, तोंडं उन्हाकडे,
कोरडी, रापलेली, रोजचीच.
फक्त कायतानच्या कानाच्या पाळीवर
एक पांढरा ठिपका राहून गेलेला.
उल्हासने तो पाहिला.
बोलला नाही काही.
अंगठ्याने
स्वतःचा कान पुसला.